ढोल राहील, मुलंही राहतील : आमच्या सोसायटीच्या उत्सवाच्या नोंदी

२९ जून २०२५, रविवार

उत्सव समितीची पहिली बैठक. वर्गणी, मूर्तीची ऑर्डर, पथकाची सुपारी हे सगळं ठरलं. यंदा मांडव, रोषणाई आणि साऊंड माझ्याकडे. त्याबरोबर एक विषय मांडला आणि तो मान्य झाला: सोसायटीतल्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांना दहाही दिवस मांडवात येता यावं, बसता यावं आणि हवं तेव्हा उठून जाता यावं. आमच्या चार विंगांत अशी पाच कुटुंबं आहेत. त्यांतली दोन दर चतुर्थीला घराला कुलूप लावून गावी जातात. गावची ओढ हे त्याचं कारण नाही.

चेअरमनकाकांनी विचारलं, "म्हणजे ढोल बंद करायचा का रे?" मी कॉलेजपासून पथकात वाजवतो. ढोल कमरेला बांधल्यावर जे वाटतं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. काकांना सांगितलं, ढोल राहील आणि ही मुलंही राहतील. कसं ते शोधायला दोन महिने आहेत.

६ जुलै, आषाढी एकादशी

पाचही घरी जाऊन आलो. सोबत मागच्या गल्लीत राहणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताई होती. प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला: उत्सवात नेमकं काय सोसत नाही?

उत्तरं आवाजावर थांबली नाहीत. सी विंगमधल्या सहा वर्षांच्या मुलीला केवडा आणि धूप यांचा वास एकत्र आला की उमासे येतात. तिच्या शेजारच्या मुलाला मागून डोक्यावर पडणाऱ्या अक्षता सहन होत नाहीत. नव्या कुडत्याची गळपट्टी, जरीचा काठ, गरम चिकट मोदक, उघडझाप करणारी माळ. एक वहिनी म्हणाल्या, "घरी गणपती बसवायचा म्हणून सोफा हलवतो. सोफ्याची जागा बदलली की त्याचा अख्खा दिवस बदलतो." आणि सगळ्यांच्या तोंडी आलेली गोष्ट म्हणजे माणसं. पाया पड, नाव सांग, टाळ्या वाजव, काकूंना पापी दे.

ताईनं एक गोष्ट बजावली. सगळ्यांना आवाज नकोच असतो असं नाही. ए विंगमधला आठ वर्षांचा मुलगा स्पीकर दिसला की धावत जाऊन त्याला गाल लावतो. एकाला जे टोचतं तेच दुसऱ्याला हवं असतं, म्हणून सगळ्यांना एकच उपाय लागू पडणार नाही.

निघताना एक बाबा म्हणाले ते लिहून ठेवतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही आहे. "आम्हाला प्रमाणपत्र मिळालंय, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळालंय. मांडवात खुर्ची मिळालेली नाही."

१३ जुलै, रविवार

आजची नोंद मोठी आहे, कारण पुढचं सगळं काम आजच्या दिवसावर उभं राहणार आहे.

डी विंगमधला दहावीतला मुलगा माझ्याबरोबर पथकाच्या सरावाला आला. तो ऑटिस्टिक आहे, मोजकं बोलतो, पण बोलतो ते नेमकं. कानांवर आवाज अडवणारे इअरमफ लावून तो आधी पार लांब, भिंतीपाशी उभा राहिला. पहिलं वादन संपलं तेव्हा जवळ आला आणि त्यानं तीन प्रश्न विचारले. आता पुन्हा कधी सुरू होणार? किती वेळ चालणार? थांबायच्या आधी काय खूण करता? मी घड्याळ दाखवून सांगितलं: पाच मिनिटांनी सुरू, पंधरा मिनिटं वादन, शेवटी टोलवाला हात वर करतो. दुसऱ्या वादनाला तो भिंत सोडून निम्म्या अंतरावर आला. तिसऱ्याला आमच्या रांगेच्या मागे होता.

नंतर म्हणाला, "ढोल पोटात लागतो, तो चालतो. ताशा दातात लागतो." मग थोडं थांबून, "पण जास्त त्रास कधी संपणार ते माहीत नसतं त्याचा होतो."

मी इतकी वर्षं ताशाची तर्री ऐकतोय, तिचं इतकं अचूक वर्णन कुणी केलेलं ऐकलं नव्हतं. त्याला ढोल बांधून दिला. टिपरू नको म्हणाला, थापीच्या बाजूनं हातानंच वाजवत राहिला. मफ कानावरच होता आणि तो तसाच असायला हवा. कामाच्या जागी आवाज किती सोसावा याची अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं मर्यादा सुचवली आहे: ८५ डेसिबल आवाजात आठ तास, १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं. ताशाजवळ १०० सहज ओलांडतात. हे आम्हा वादकांनाही लागू आहे. पथकात कापूस कोंबून भागवणारे बरेच आहेत. पथकप्रमुखांशी बोलून या वर्षी सगळ्यांना इअरप्लग द्यायचं ठरवलं.

ठरलेला नियम: चतुर्थीला आणि विसर्जनाला वादन पंधरा-पंधरा मिनिटांचं, मध्ये तेवढीच विश्रांती. सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी पिवळं निशाण वर होईल. थांबायच्या एक मिनिट आधी तेच निशाण आडवं फिरेल. वेळा आदल्या दिवशी प्रत्येक विंगच्या नोटीस बोर्डावर.

२७ जुलै, रविवार

साऊंड. एका पुरवठादारानं दोन मोठे टॉप आणि दोन बेस असा नेहमीचा सेट सुचवला. नाही म्हटलं. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे पुढे दोनच भोंगे ठेवून मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर पुढच्या रांगेतल्या मुलांवर मारा होणार. त्याऐवजी सहा छोटे स्पीकर, प्रत्येकाचा आवाज कमी, तोंड खाली झुकवलेलं. लॉबीच्या बाजूला एकही नाही.

ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ती वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं. आम्ही ती सवलत वापरायची नाही असं ठरवलं. साडेनऊला मांडव शांत.

डेसिबलच्या आकड्यात न दिसणारे आवाज मला जास्त छळतात. माइकची शिट्टी, "हॅलो हॅलो चेक", मध्येच फुटणारा फटाका, अचानक फुंकलेला शंख. त्यामुळे माइक लोक यायच्या आधी तपासायचा. बोलणारा कायम स्पीकरच्या मागे उभा राहील, म्हणजे शिट्टी येणार नाही. आरतीचा आवाज शून्यापासून हळूहळू वर न्यायचा. शंख फुंकणाऱ्यानं आधी तो हातात उंच धरून दाखवायचा.

३ ऑगस्ट, रविवार

शांत जागा कुठे, यावर तासभर चर्चा झाली. समितीतल्या एकांनी क्लब हाउसमागची खोली सुचवली: पंखा आहे, दार लागतं, आवाज येत नाही. हेतू चांगलाच होता. सी विंगमधल्या मुलीची आई उठून म्हणाली, "वर्षभर आम्ही कडेलाच असतो. दहा दिवस तरी बाप्पा दिसेल तिथे बसू द्या."

तिथे वाद संपला. ए विंगची लॉबी घेतली. तिला मांडवाच्या बाजूनं पूर्ण काच आहे, मूर्ती समोर दिसते, काचेमुळे आवाज बराच बोथट होतो. दोन गाद्या, एक जड गोधडी, इअरमफच्या चार जोड्या, पाण्याची बाटली, मऊ चेंडू. एक दार मांडवाकडे, दुसरं थेट लिफ्टकडे. कुणाची परवानगी न घेता घरी निघून जाता येईल, म्हणून ते दुसरं दार मला फार महत्त्वाचं वाटतं.

१० ऑगस्ट, रविवार

रोषणाई. बाजारातल्या एलईडी माळांना जो छोटा डबा असतो त्याच्यात आठ प्रकार असतात आणि शेवटचा प्रकार सतत लागून राहण्याचा. तो लावून ठेवला की काम झालं असं वाटतं, पण लाइट जाऊन आली की बऱ्याच माळा पुन्हा पहिल्या प्रकारावर येऊन लुकलुकायला लागतात. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जातेच. म्हणून डबा नसलेल्या, पिवळसर उजेडाच्या माळा आणल्या. फिरते दिवे आणि लेझर नाहीत. मूर्तीवर दोन साधे फोकस. ते वरून खाली, बघणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाहीत असे.

मांडवात जायला एक बाजू, बाहेर पडायला दुसरी. धूप-कापूर फक्त आरतीपुरता. केवडा नाही, जास्वंद, दूर्वा, झेंडू.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी झाली. कोपऱ्यावरच्या डीजेमुळे दोन घरांनी दिवसभर खिडक्या बंद ठेवल्या. तो चौक आमच्या हातात नाही. आमचं आवार आहे, तेवढं तरी नीट करू.

आज चित्रपुस्तिका पूर्ण केली. अमेरिकेतल्या कॅरोल ग्रे या शिक्षिकेनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सोशल स्टोरी' ही पद्धत आणली. मुलाला नव्या प्रसंगाची ओळख छोट्या गोष्टीतून करून द्यायची, त्यात काय होतं ते सांगणारी वाक्यं जास्त आणि 'असं कर' म्हणणारी कमी. आम्ही चित्रं न काढता आमच्याच आवाराचे फोटो वापरले: आमचं गेट, आमचा मांडव, आरतीचं ताट, निशाण धरलेले वॉचमनकाका. प्रत्येक पानावर दोनच ओळी. नमुन्यादाखल:

*आरतीला लोक टाळ्या वाजवतात. मी वाजवल्या तरी चालतं, नाही वाजवल्या तरी चालतं.*

*पिवळं निशाण वर गेलं की ढोल वाजणार. मला लॉबीत जाऊन काचेतून बघता येतं.*

*प्रसाद वाटीत मिळतो. मी वाटी घरी नेऊ शकतो.*

विसर्जनाची पानं दहावीतल्या मुलानं लिहिली. माझं वाक्य होतं, 'बाप्पा पुढच्या वर्षी परत येतो.' त्यानं खोडून लिहिलं, 'पुढच्या वर्षी १४ सप्टेंबर २०२६ ला नवीन मूर्ती येईल.' त्याचंच ठेवलं.

जी मुलं बोलत नाहीत त्यांच्या घरी आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रांवर बोट ठेवून बोलायचं जेलो ॲप आहे, ते मराठीतही चालतं. त्याशिवाय आम्ही मांडवात एक चित्रफलक लावतोय: आवाज कमी करा, पाणी, घरी जायचं, अजून पाहिजे, हात लावू नका. बोट ठेवलं की झालं. फलक मुलाच्या उंचीवर हवा. सुताराला पुन्हा सांगायचं.

२४ ऑगस्ट, रविवार

मांडव उभा राहिलाय, मूर्ती अजून नाही. पाचही कुटुंबांना दुपारी बोलावलं, गर्दी नसताना. मुलं फिरली, कापड चाचपून पाहिलं, स्टेजखाली वाकून पाहिलं. सहा वर्षांच्या मुलीनं मखराचे खांब पुन्हा पुन्हा मोजले. ए विंगच्या मुलानं स्पीकरला गाल लावला. त्याच्यासाठी एक स्पीकर खाली, हाताशी ठेवलाय, आवाज बेताचा आणि थरथर जाणवेल असा.

संध्याकाळी कार्यकर्त्यांची तयारी. नाव विचारू नका, हात धरू नका, पाया पडायला लावू नका, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. हात फडफडवणं, गोल फिरणं, डोलणं हे थांबवायचं नाही. त्यानं मुलांना बरं वाटतं. मेल्टडाऊन झाला, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटला, तर घोळका करू नका. एकच माणूस थांबेल, कमी बोलेल, बाकीचे बाजूला होतील आणि मी साऊंड बंद करीन. आरती चालू असली तरी. यावर एका आजोबांनी नापसंती दाखवली. ताईनं त्यांना शांतपणे समजावलं आणि ते शेवटपर्यंत बसून राहिले.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सकाळी आठला मूर्ती आली. निशाण, वादन, विश्रांती, सगळं ठरलेल्या वेळेला. लॉबीतल्या टीव्हीवर मोठ्या आकड्यांत उलटं घड्याळ लावलं होतं. एका मुलानं वादनाची पंधराही मिनिटं नजर त्या आकड्यांवर ठेवली आणि शून्य झाल्या क्षणी ढोल थांबला तेव्हा जोरात हसला. पथकातल्या पोरांना हे सांगितल्यावर पुढची दोन्ही वादनं त्यांनी सेकंदावर थांबवली. स्वतःहून.

संध्याकाळी दोन आरत्या ठेवल्या: साडेसहाला शांत आरती, माइक नाही, झांजा नाहीत, फक्त टाळ्या आणि गळे. साडेसातला नेहमीची. शांत आरतीला कुणीही यावं असंच जाहीर केलं होतं. या मुलांसाठी वेगळी आरती असा फलक लावायचा नाही, हे मी पहिल्यापासून धरून होतो.

गावी जाणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एक यंदा थांबलं आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

लाइट दोनदा गेली. माळा जशा होत्या तशाच लागल्या. प्रसादाच्या वाट्यांत कोरडा पर्याय वाढवला: खडीसाखर, कुरमुरे, केळं. एकात दुसरं मिसळायचं नाही.

१ सप्टेंबर, गौरीपूजन

आज काम घरांत होतं. सी विंगमधल्या मुलीच्या घरी गौरी असतात, हळदीकुंकवाला पन्नासेक बायका येतात. तिच्या आजीनं आपणहून बदल केले. बायकांना तासातासानं बोलावलं, मुलीची खोली पाहुण्यांसाठी बंद ठेवली, दारावर तिचा फोटो लावला. सोळा भाज्यांचं ताट तिच्यापुढे ठेवलं नाही. तिचा नेहमीचा दहीभात नेहमीच्या स्टीलच्या ताटलीत दिला. कुणी म्हणालं, "सणाच्या दिवशी दहीभात?" आजी म्हणाल्या, "गौरीला नैवेद्य झालाय. पोरीनं पोटभर जेवायचं."

काठापदराचं परकर-पोलकं तिनं घातलं, आतून जुना सुती टी-शर्ट उलटा करून, म्हणजे शिवण टोचत नाही. ही युक्ती ताईची.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

मला सर्वांत जास्त काळजी आजच्या दिवसाची होती. गर्दी, गुलाल, उघडं गेट आणि पाणी या चारही गोष्टी एकत्र. ऑटिस्टिक मुलं गर्दीतून निसटू शकतात, आणि बऱ्याच जणांना पाण्याची विलक्षण ओढ असते. बुडण्याचा धोका त्यामुळे खरा आहे. हौद आवारातच केला, भोवती कठडा, एक माणूस फक्त हौदापाशी. तिन्ही गेटांवर माणसं. मनगटावरच्या पट्टीवर पालकांचा फोन नंबर, नाव मात्र आतल्या बाजूला, म्हणजे अनोळखी माणसाला मुलाला नावानं हाक मारता येणार नाही. गुलाल नाही, झेंडूच्या पाकळ्या.

मूर्ती बुडताना सहा वर्षांची मुलगी दर वर्षी ऊर फुटेस्तोवर रडते. शाडूचं काय होतं ते तिनं कधी पाहिलेलंच नव्हतं, फक्त बाप्पा नाहीसा होतो एवढंच तिला दिसायचं. म्हणून गेल्या आठवड्यात तिच्या घरी काचेच्या वाडग्यात शाडूचा गोळा ठेवला. तिनं तो सुटत जाताना पाहिला, तळाशी बसलेला गाळ बोटानं ढवळला, आईबरोबर कुंडीत ओतला. आज हौदापाशी ती रडली नाही असं नाही. पण पळाली नाही, ओरडली नाही. "माती," म्हणाली. मग पुन्हा "माती," आणि कुंडीकडे जायचंय असं चित्रफलकावर नाही तर सरळ हात ओढून सांगितलं.

दहावीतला मुलगा शेवटच्या वादनात रांगेत होता. ढोल, थापी, मफ. ताशे त्यानं सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या टोकाला उभे केले होते.

१४ सप्टेंबर, रविवार

हिशोब. सर्वांत मोठा खर्च इअरमफचा, बाकी किरकोळ. मोठा साऊंड न घेतल्यानं वाचलेल्या पैशांत हे सगळं बसलं आणि शिल्लकही उरली.

पालकांची तक्रार एकच, आणि रास्त: बक्षीस समारंभ. यादीत नसलेली भाषणं वाढली, वेळ लांबला, मुलं कंटाळून फुटली. पुढच्या वर्षी उलटं घड्याळ स्टेजसमोर, वक्त्यांनाही दिसेल असं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचा किल्ला. माती, दगड, पोती, पाणी आणि कुणी घाई करत नाही. या मुलांसाठी इतका योग्य सण मला दुसरा माहीत नाही. ज्याला माती नको त्याला मावळे मांडायचं काम. ए विंगच्या मुलानं सगळे मावळे बुरुजापासून पायथ्यापर्यंत एका रेषेत, समान अंतरावर लावले. इतर पोरं ते लढाईसाठी विस्कटायला निघाली, तर दहावीतल्यानं सांगितलं, "ही पहारा देणारी तुकडी आहे." तेव्हापासून तुकडी जागची हललेली नाही. अळीव पेरलेत, रोज सकाळी पाणी शिंपडायची पाळी सी विंगच्या मुलीची, तिच्या तक्त्यावर तसं चित्र लावलंय.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फटाके. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या आदेशात दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती. आम्ही आवारात ८ ते ९ ठेवली, मागच्या मैदानात, सुतळी बॉम्ब आणि माळा नाहीत. फटाक्याला कायद्यानं चार मीटरवर १२५ डेसिबलची परवानगी आहे, आणि तेवढा आवाज मोठ्या माणसालाही दचकवतो. आठला पाच मिनिटं असताना पिवळं निशाण.

नियम बहुतेकांनी पाळला. साडेनऊला रस्त्यापलीकडून दोन मोठे आवाज आले. लॉबीत गाद्या होत्याच, मुलं तिथे आली.

पहाटेच्या अभ्यंगाबद्दल आयांनी एकमेकींत ठरवलेलं छान आहे: उटणं दाटसर कालवून आधी मुलाच्या हातात द्यायचं, नको म्हणाला तर फक्त तेल, आणि पहाटे पाचऐवजी त्याच्या रोजच्या वेळेला.

२ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या दोन सोसायट्यांच्या समित्या आल्या होत्या. त्यांनी पुस्तिकेची फाइल मागितली. दिली, पण फोटो तुमच्या आवाराचे काढा असं सांगूनच. एकांनी विचारलं की एवढं सगळं जमणार नसेल तर किमान काय करू? मी म्हटलं, वेळा आधी कळवा आणि त्या पाळा, आणि बाहेर पडायचं एक दार मोकळं ठेवा. मफ, माळा, फलक नंतर.

पुढचं काम धुळवडीचं. रंग फक्त तळहातावर आणि विचारूनच, फुगे नाहीत, बी विंगपुढचा पट्टा कोरडा ठेवायचा. दहावीतल्याची तेव्हा बोर्डाची परीक्षा, म्हणून त्याच्याशी बैठक जानेवारीतच घ्यायची. त्यानं वेळ कळवली आहे: ११ जानेवारी, सकाळी साडेदहा ते साडेअकरा.